मॅगव्हील आणि अलायमेंट: पहिल्यांदाच चाकं बदलणाऱ्या सोलापूरकरांसाठी

नवी मॅगव्हील, म्हणजे अलॉयची चाकं, बसवली, गाडी उठून दिसायला लागली, आणि पहिल्याच रविवारी घरच्या पाचजणांना घेऊन तुळजापूरला निघाल्यावर घाटाच्या वळणावर मागच्या चाकातून खर्र आवाज आला. टायरच्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ थांबलात तर ही तक्रार कानावर पडते. त्यावर गिऱ्हाइकाचं म्हणणंही ठरलेलं असतं: "अण्णा, अलायमेंट करा आणि चाक जरा आत घ्या की."

अलायमेंटनं चाक आत घेता येत नाही, निदान लोकांना वाटतं तेवढं तरी नाही. चाक मडगार्डच्या आत बसणार की बाहेर येणार, हे चाक विकत घेतानाच ठरतं. रुंदी आणि ऑफसेट हे दोन आकडे ते ठरवतात. अलायमेंटचं काम वेगळं आहे. गाडी सरळ चालावी, स्टेरिंग मधे राहावं आणि टायर सगळीकडून सारखा झिजावा म्हणून चाकांचे कोन जुळवायचे, ते काम. त्यातून फिटिंगला पाच-आठ मिलिमीटरची मदत मिळू शकते, पंचवीस-तीस मिलिमीटरची कधीच नाही. म्हणून अलायमेंटबद्दल लिहायचं तर सुरुवात खरेदीपासूनच करावी लागते. इथलं सगळं हॅचबॅक, छोटी सेदान आणि छोटी एसयूव्ही डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे.

दुकानात जाण्याआधी कागदावर लिहायचे आकडे

पहिला आकडा पीसीडी. चाकाचे नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. स्विफ्ट आणि आय-ट्वेंटीला चार नट आणि १०० मि.मी., म्हणजे ४×१००. क्रेटाला पाच नट आणि ११४.३ मि.मी. यात जवळपासचं माप चालत नाही. ४×९८ चं चाक ४×१०० च्या हबवर (गाडीचा जो मधला गोल भाग चाकाला धरतो तो) ओढूनताणून चढतं, नटही आवळले जातात, पण प्रत्येक स्टड, म्हणजे नट बसतो तो हबवरचा बोल्ट, वाकड्या ताणाखाली राहतो. तो कधी तुटेल हे सांगता येत नाही. बाजारात आठ भोकांची मॅगव्हील पुष्कळ मिळतात, दोन वेगळ्या पीसीडींसाठी एकच चाक. ती चालतात, फक्त आपल्या पीसीडीची भोकं कुठली हे बसवणाऱ्याकडून दाखवून घ्या.

दुसरा, हबचा व्यास. स्विफ्टचा ५४.१ मि.मी., क्रेटाचा ६७.१ मि.मी. बाहेरची चाकं सगळ्या गाड्यांना बसावीत म्हणून त्यांचं मधलं भोक मोठं ठेवतात, बऱ्याचदा ७३.१ मि.मी. मधली पोकळी भरायला हब रिंग लागते. बाहेरून ७३.१, आतून ५४.१. ही छोटी रिंग नसेल तर चाक हबच्या बरोबर मधे बसत नाही, सगळी मदार नटांवर येते आणि ऐंशीच्या पुढे स्टेरिंग थरथरायला लागतं. मग माणूस बॅलन्सिंग (छोटी वजनं लावून चाकाचा समतोल साधणं) करतो, अलायमेंट करतो, पुन्हा बॅलन्सिंग करतो आणि थरथर काही जात नाही. चाकं घेताना हब रिंगा मागा. त्या नसल्या तर सौदा थांबवा.

तिसरा आणि चौथा आकडा, रुंदी आणि ऑफसेट, एकत्रच बघायचे असतात. इथे थोडं गणित करू या, कारण फिटिंगचा सगळा प्रश्न इथेच सुटतो किंवा अडकतो.

ऑफसेटचं गणित

रिमच्या मागच्या बाजूला ६जे, ईटी ४५ असं कोरलेलं असतं. ६जे म्हणजे रुंदी ६ इंच. ईटी म्हणजे रिमच्या बरोबर मध्यरेषेपासून चाक हबला टेकतं त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. ईटीचा आकडा जितका मोठा तितकं चाक आत, जितका लहान तितकं बाहेर.

समजा कंपनीचं चाक ५.५जे आणि ईटी ४५ आहे. साडेपाच इंच म्हणजे साधारण १४० मि.मी., त्याचे अर्धे ७०. बाहेरची कड हबच्या पृष्ठभागापासून ७० वजा ४५, म्हणजे २५ मि.मी. बाहेर. आतली कड ७० अधिक ४५, म्हणजे ११५ मि.मी. आत.

आता दुकानात आवडलेलं चाक ७जे, ईटी ३५ आहे. सात इंच म्हणजे १७८ मि.मी., अर्धे ८९. बाहेरची कड ८९ वजा ३५, म्हणजे ५४. जुन्यापेक्षा २९ मि.मी. बाहेर. आतली कड ८९ अधिक ३५, म्हणजे १२४. जुन्यापेक्षा ९ मि.मी. आत. एका बाजूला सुमारे तीन सेंटिमीटर बाहेर आलेलं हे चाक पाच माणसं बसल्यावर मडगार्डला लागणार, यात शंका नको. तेच ७जे चाक ईटी ४५ चं घेतलं तर दोन्हीकडे १९ मि.मी. वाढतात. बाहेर कदाचित निभावेल, पण आत शॉकअपला टायर लागतो का ते बघावं लागेल. आणि ६जे, ईटी ४५ घेतलं तर दोन्हीकडे जेमतेम ६ मि.मी. इतका बदल गाडीला कळतही नाही.

पहिल्यांदा चाकं बदलणाऱ्यानं कंपनीच्या रुंदीपेक्षा अर्धा, फार तर एक इंच वर जावं आणि ऑफसेट मूळच्या ५ मि.मी. इकडे-तिकडे ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. दिसण्यातला फरक तेवढ्यातही भरपूर पडतो. ऑफसेट खूप कमी केला की नुसतं घासण्याचा प्रश्न राहत नाही. चाकाचा भार हबपासून लांब जातो, व्हील बेअरिंगवर ताण वाढतो, आणि रस्त्याची प्रत्येक चीर स्टेरिंगला ओढ देते. ब्रेक लागताना एक चाक खड्ड्यात गेलं तर हातातलं स्टेरिंग झटका मारतं. हे अलायमेंटनं बरं होत नाही. स्पेसर लावून चाक बाहेर काढणं हा तर नवख्यानं विचारातच घेऊ नये असा प्रकार आहे.

टायरचा बाहेरचा व्यास मूळच्या जवळ ठेवा. १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५ मि.मी. येतो. सोळा इंची रिमवर १९५/५५ आर १६ घेतला तर ६२०.९, म्हणजे जवळपास तोच. १५ इंचावरच १९५/६५ घेतला तर ६३४.५ होतो, दोन टक्के मोठा. मीटर तेवढा कमी दाखवणार आणि टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरच्या तेवढा जवळ जाणार. व्यास जुळला तरी टायरवरचा भाराचा आकडा बघायला विसरू नका. मूळ टायरवर ८८ असेल तर तो ५६० किलो पेलतो. ८७ म्हणजे ५४५ किलो. मूळच्या आकड्याखाली जायचं नाही. प्रोफाइल, म्हणजे टायरच्या बाजूची उंची, कमी करताना इथेच लोक चुकतात.

चाकं चढवताना

जुनं चाक उतरलं की हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशनं घासून घ्या. गंजाची पापडी राहिली तर चाक अगदी थोडं तिरकं बसतं आणि पुढची सगळी मापं चुकतात. मग टायर न चढवता नुसती रिम हबवर लावून बघायला सांगा. ब्रेकच्या कॅलिपरला रिमचे आरे लागत नाहीत ना, निदान ३ मि.मी. फट आहे ना. हा पाच मिनिटांचा उद्योग टायर चढवण्याआधीच करावा, कारण एकदा टायर चढला की चाकं परत घ्यायला कुणी तयार होत नाही.

नटांचं बघा. लोखंडी चाकाचे नट मॅगव्हीलला चालतीलच असं नाही. बाजारातल्या बहुतेक मॅगव्हीलना ६० अंशांच्या कोनाचा निमुळता नट लागतो. नट हातानं फिरवून किती आटे बसतात ते मोजा. १२ मि.मी.च्या स्टडला निदान १२ मि.मी. लांबीचे आटे धरले गेले पाहिजेत. दोन आट्यांमधलं अंतर १.५ मि.मी. असेल तर पूर्ण आठ फेरे, १.२५ असेल तर जवळपास दहा. त्याहून कमी बसत असतील तर लांब नट लागतील.

आवळताना समोरासमोरचे नट आळीपाळीनं, आधी हातानं, मग पान्यानं, आणि शेवटी गाडी जमिनीवर टेकल्यावर टॉर्क पान्यानं. गाडीच्या पुस्तकात टॉर्कचा आकडा असतो, लहान गाड्यांत तो साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान. हवेच्या गननं खडखड आवळून सोडून देऊ नका. अलॉयचा धातू बसतो, म्हणून ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा त्याच टॉर्कवर तपासायचे. ही पायरी चुकवू नका.

घासतंय का, हे भार टाकून बघा

रिकामी गाडी दुकानासमोर उभी असताना सगळं ठीकच दिसतं. सोलापुरातली गाडी मात्र रिकामी कमी फिरते. गुरुवारी अक्कलकोट, एकादशीला पंढरपूर, लग्नसराईत मागे तिघं आणि डिकीत सामान. म्हणून भार टाकून बघा.

टायरच्या बाहेरच्या आणि आतल्या खांद्यावर खडूनं जाड पट्टा ओढा. चार-पाच माणसं बसवा. मोकळ्या जागेत स्टेरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे कापून हळूहळू पुढे-मागे चालवा. मग एक-दोन गतिरोधकांवरून नेहमीच्या वेगानं काढा. खाली उतरून खडू कुठे पुसला गेलाय आणि मडगार्डच्या आत कुठे पांढरा डाग लागलाय ते टॉर्चनं बघा. पुढे बहुतेक वेळा प्लास्टिकच्या लायनरला किंवा मडफ्लॅपच्या स्क्रूला लागतं. तिथे स्क्रूची जागा बदलून किंवा लायनर मागे बांधून काम होतं. मागे पत्र्याच्या आतल्या दुमडीला लागत असेल तर प्रश्न मोठा आहे. पुढच्या शॉकअपच्या नळीत आणि टायरमध्ये निदान ५-६ मि.मी. फट हवीच. तिथे टायर कापला गेला तर तो आतून कापला जातो आणि फुटेपर्यंत दिसत नाही.

मागच्या पत्र्याची दुमड गरम करून आत वळवणारे कारागीर आहेत. माझं म्हणणं, त्या वाटेला जाण्याआधी एक माप अरुंद टायर किंवा योग्य ऑफसेटची रिम बघा. पत्रा वळवताना रंगाला बारीक तडा गेला की पहिल्याच पावसाळ्यानंतर तिथे गंज धरतो.

तीन कोन, आणि त्यातले तुमच्या हातात किती

आता अलायमेंट. यंत्राच्या पडद्यावर तीन नावं दिसतात.

टो: गाडीकडे वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची पुढची टोकं एकमेकांकडे झुकलीत की लांब गेलीत. झुकली असतील तर टो-इन, फाकली असतील तर टो-आउट. टायर सर्वांत जास्त खातो तो याच कोनामुळे. प्रत्येक चाकाचा टो अर्धा अंश चुकला असेल तर टायर दर किलोमीटरला जवळपास ९ मीटर आडवा फरपटतो. सोलापूरहून पंढरपूर सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. तिथपर्यंत पोहोचेस्तोवर तो टायर ६०० मीटर आडवा घासलेला असतो.

कॅम्बर: समोरून पाहिलं तर चाकाचा वरचा भाग आत झुकलाय की बाहेर. आत असेल तर उणे.

कॅस्टर: बाजूनं पाहिलं तर स्टेरिंग ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे-पुढे कल. गाडी सरळ राहण्याची, वळणानंतर स्टेरिंग आपोआप परत येण्याची सवय यातून येते.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) आणि मागे सलग टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) असतो. अशा गाडीत कंपनीनं जुळवायला फक्त एकच गोष्ट दिलेली असते, पुढचा टो. पुढचा कॅम्बर आणि कॅस्टर ठरलेला, मागचं सगळंच ठरलेलं. म्हणून "चारही चाकांची अलायमेंट केली" याचा अर्थ अशा गाडीत इतकाच, की चारही चाकं मोजली आणि पुढची दोन जुळवली. मोजणंही महत्त्वाचं आहे, कारण मागचा बीम वाकला असेल तर गाडी किंचित तिरकी चालते आणि पुढचा टो कितीही नीट केला तरी स्टेरिंग सरळ राहत नाही. मागचा कोन चुकलेलाच असेल तर हब आणि बीमच्या मधे शिम, म्हणजे पातळ पत्री, घालून सुधारता येतो, पण आधी बीम का वाकला ते शोधा.

अलायमेंटला नेण्याआधी

सकाळी, चाकं थंड असताना हवा भरा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा घ्या. सोलापूरचा उन्हाळा बेचाळीस अंशांच्या वर जातो, आणि तापमान साडेपाच अंश वाढलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआय वाढते. दुपारी होटगी रस्त्यावर तापलेल्या टायरमध्ये हवा मोजली तर ती जास्त दिसते, मुलगा हवा कमी करतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चारही टायर कमी हवेवर असतात. कमी-जास्त हवेवर केलेली अलायमेंट खरी नसते.

डिकी रिकामी करा. चारही टायरची झीज तळहात फिरवून बघा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं टोचत असेल तर टो चुकलाय. फक्त आतली कड गुळगुळीत झिजली असेल तर कॅम्बर जास्त उणे असू शकतो. ही माहिती मिस्त्रीला सांगा, ती त्याच्या उपयोगाची आहे.

बुश (सांध्यातली रबरी भिंत), बॉल जॉइंट, टायरॉड एंड (स्टेरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचं, टायरॉडचं, टोक) तपासून घ्यायला सांगा. गाडी जॅकवर असताना चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवलं की खेळ कळतो. आमच्याकडे काळ्या मातीवरचे रस्ते उन्हाळ्यात भेगाळतात आणि पावसाळ्यात फुगतात, डांबराच्या कडा खचतात. उसाच्या हंगामात ट्रॉलीला बाजू द्यायला गाडी त्या कडेवरून खाली उतरवावी लागते. लोअर आर्मचे बुश यात लवकर जातात. बुश सैल असेल तर यंत्रावर हिरवे, म्हणजे कंपनीच्या मर्यादेत, आलेले आकडे पहिल्या ब्रेकला बदलतात. तेव्हा आधी बुश, मग अलायमेंट.

आणि बॅलन्सिंग आधी. मॅगव्हीलला बाहेरून ठोकायची वजनं लावू देऊ नका, आतून चिकटणारी लावा, आणि ती लावण्याआधी जागा स्वच्छ पुसून घ्यायला सांगा. नाहीतर पहिल्याच धुण्यात पडतात.

रॅकवर काय काय व्हायला हवं

इथे घाई होते, म्हणून शेजारी उभे राहा.

गाडी रॅकवर, म्हणजे अलायमेंटच्या उंच फलाटावर, चढली, पुढची चाकं फिरत्या ताटांवर आली की ताटांच्या पिना काढल्या पाहिजेत. पिना तशाच राहिल्या तर चाक मोकळं होत नाही. क्लॅम्प बसवताना अलॉयच्या कडेला ओरखडे पडू नयेत म्हणून प्लास्टिकच्या टोप्या लावायला सांगा, किंवा टायरला धरणारे क्लॅम्प असतील तर ते वापरायला सांगा. मग गाडी थोडी मागे-पुढे ढकलून रनआउट घ्यायचा. रिम किंवा क्लॅम्प किंचित तिरका असला तरी यंत्र तेवढा फरक वजा करतं. बाहेरच्या रिमना ही पायरी फार लागते. ती टाळलेली दिसली तर मोकळेपणानं म्हणा, "भाऊ, रनआउट घेतला का? नसेल तर घ्या."

यंत्रात गाडीचं मॉडेल आणि वर्ष बरोबर निवडलंय ना ते बघा. टो मिलिमीटरमध्ये दाखवत असेल तर अंशांत करायला सांगा. कारण मिलिमीटर कुठल्या व्यासावर मोजला यावर अवलंबून असतो. ६२० मि.मी.च्या टायरवर १ मि.मी. म्हणजे ०.०९ अंश, १५ इंची रिमच्या व्यासावर तोच १ मि.मी. ०.१५ अंश होतो. रिमचं माप बदललं की मिलिमीटरचे जुने आकडे फसवतात. अंश फसवत नाहीत.

आता पहिली मापं घेतली जातील. जुळवण्याआधीचा हा कागद छापून घ्या. कॅस्टर मोजायला स्टेरिंग दोन्ही बाजूंना वळवतील, मग स्टेरिंग बरोबर मधे आणून पट्टीनं धरून ठेवतील.

जुळवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. मागचं काही जुळवायचं असेल तर ते आधी, मग कॅम्बर, आणि टो सर्वांत शेवटी. कॅम्बर हलवला की टो आपोआप बदलतो, म्हणून टो नंतर कॅम्बरला हात लावला तर आधीचं काम वाया जातं.

टो जुळवताना टायरॉडचा लॉक नट सैल करतात आणि रॉड फिरवतात. दोन गोष्टींकडे लक्ष द्या. रॉड फिरताना रबरी बूट पिळला जाऊ नये, त्याची क्लिप मोकळी करावी. आणि दोन्ही बाजू सारख्या फिरवाव्यात. एकाच बाजूनं सगळा टो भरून काढला तर पडद्यावर एकूण आकडा हिरवा येतो, पण स्टेरिंग तिरकं बसतं. शेवटी लॉक नट घट्ट झाल्यावर आकडे पुन्हा बघा, कारण नट आवळताना रॉड थोडा सरकतो.

बऱ्याच लहान गाड्यांत पुढचा एकूण टो शून्याच्या आसपास ठेवायचा असतो. तुमच्या गाडीचा आकडा कंपनीच्या मर्यादेत कुठे आहे ते बघा. मर्यादेच्या टोकावर हिरवा आणि मधोमध हिरवा यात टायरच्या आयुष्याचा फरक पडतो. मी नेहमी मधोमध मागतो, आणि चांगला मिस्त्री त्याला नाही म्हणत नाही.

कॅम्बरनं फिटिंग सुधारायची असेल तर

सगळं बरोबर घेऊनही पुढच्या चाकाचा वरचा खांदा मडगार्डच्या कडेला अगदी थोडा लागतोय, अशी वेळ येते. तेव्हा कॅम्बरची मदत घेता येते. साधारण ६२० मि.मी. व्यासाच्या टायरला एक अंश उणे कॅम्बर दिला की टायरचा माथा सुमारे ५ मि.मी. आत जातो. बस, एवढंच. २९ मि.मी. बाहेर आलेल्या चाकाला यातून काहीही मिळणार नाही.

करायचं कसं? शॉकअप आणि नकल (हब धरून ठेवणारा भाग) जोडणारे दोन बोल्ट असतात. ते सैल करून चाकाचा माथा आत ढकलून धरला आणि तसेच आवळले तर भोकातल्या ढिलाईइतका थोडा कॅम्बर मिळतो. त्याहून जास्त हवा असेल तर वरच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट घालतात. त्याचा मधला भाग पातळ आणि एका बाजूला फुगीर असतो. बोल्ट फिरवला की नकल सरकतो, आणि साधारण दीड अंशापर्यंत फरक मिळतो. हा बोल्ट चाक धरून ठेवणाऱ्या जागी बसतो, म्हणून गाडीच्या मापाचा, योग्य ग्रेडचा, माहितीतल्या कंपनीचाच घ्या, सांगितलेल्या टॉर्कवर आवळून घ्या, आणि बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यापर्यंत रंगाची रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट सरकलाय हे लगेच कळतं.

रोजच्या गाडीत उणे दीडच्या पुढे जाऊ नका, नाहीतर टायरची आतली कड आधी संपते. डावी-उजवीकडचा फरक अर्ध्या अंशाच्या आत ठेवा. जास्त फरक पडला की ज्या बाजूच्या चाकाचा माथा तुलनेनं जास्त बाहेर झुकलाय त्या बाजूला गाडी ओढते. आणि हो, यानंतर टो पुन्हा जुळवायचाच.

इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी असलेल्या गाडीत अलायमेंटनंतर स्टेरिंगच्या कोनाचा सेन्सर स्कॅनरनं शून्यावर आणावा लागू शकतो. डॅशबोर्डवर दिवा लागला तर घाबरू नका, पण तो विझवून घेतल्याशिवाय निघूही नका.

रस्त्यावर तपासणी

शहरातल्या गर्दीत अलायमेंट कळत नाही. पुणे रस्त्याला बाळे, केगावच्या बाजूला चौपदरी रस्ता लागतो, तिथे वाहतूक कमी असताना जा. साठ-सत्तरच्या वेगात हात स्टेरिंगवर हलके ठेवा, सोडू नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला बाजूकडे उतार असतो, त्यामुळे डाव्या लेनमध्ये गाडी हळूहळू डावीकडे सरकणारच. हळूहळू न सरकता जोरात ओढत असेल, किंवा उताराच्या उलट उजवीकडे जात असेल तर दोष गाडीत आहे.

ओढ दिसली तर लगेच पुन्हा अलायमेंटचे पैसे देऊ नका. पुढची दोन चाकं डावी-उजवी बदलून बघा. एकाच दिशेनं फिरायचे टायर असतील तर हे करू नका, कडेला बाण असतो. ओढण्याची बाजू बदलली तर टायरचा दोष. बाजू तीच राहिली तर अलायमेंट किंवा ब्रेक. स्टेरिंग सरळ नाही, पण गाडी सरळ जाते, तर टायरॉड दोन्हीकडे सारखे फिरवलेले नाहीत. थरथर असेल तर तो अलायमेंटचा विषयच नाही. बॅलन्सिंग, हब रिंग किंवा वाकलेली रिम बघा. पावसाळ्यात शेताच्या वाटेनं गेला असाल तर रिमच्या आत काळ्या मातीचा थर वाळून बसलेला असतो, तेवढ्यानंही बॅलन्स बिघडतो. आधी आतून धुऊन बघा.

घरी टो ढोबळमानानं तपासता येतो. सपाट फरशीवर गाडी सरळ उभी करा. पुढच्या दोन्ही टायरच्या समोरच्या बाजूला, टेप खालून सरळ जाईल तेवढ्या उंचीवर, टायरच्या मधोमध खडूची बारीक खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. मग गाडी पुढे ढकला, खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर येईपर्यंत, आणि पुन्हा मोजा. मागचं अंतर जास्त आलं तर टो-इन, पुढचं जास्त असेल तर टो-आउट. एकट्यानं होत नाही, टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. यावरून टायरॉडला हात लावू नका. दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर रॅकवर जायची वेळ झालीय, इतकंच समजायचं.

कागदपत्रं आणि पुढची देखभाल

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या, कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. म्हणून कंपनीनं त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेलं माप निवडणं सर्वांत निर्धास्त. टायर बॉडीबाहेर आलेली गाडी कायद्यालाही आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यालाही त्रासाची, कारण चिखल-खडे थेट त्याच्या तोंडावर उडतात. रिमवर आयएसआय खूण बघा, बिल घ्या, आणि विमा कंपनीला नव्या चाकांची माहिती लेखी द्या.

नव्या चाकांवर हजारेक किलोमीटर झाले की टायरची झीज तळहातानं बघा. त्यानंतर दर ५,००० किलोमीटरला, किंवा एखादा मोठा खड्डा जोरात बसला की, अलायमेंट तपासून घ्या आणि आधीच्या कागदाशी ताडा. टो दरवेळी एकाच बाजूला सरकत असेल तर कुठला तरी जॉइंट सैल होतोय. चाकं पुढे-मागे फिरवायची असतील तर अलायमेंटच्या आधी फिरवा.

स्टेपनी बहुधा जुनी लोखंडीच राहते. तिला मॅगव्हीलचे नट बसतात का ते घरीच एकदा लावून बघा. बसत नसतील तर जुन्या नटांचा एक पूर्ण संच पिशवीत बांधून जॅकशेजारी ठेवा, आणि गाडी घरातलं दुसरं कुणी चालवत असेल तर त्यांनाही तो दाखवून ठेवा.